कुत्रा भुंकवून पतसंस्था चालत नाही!

गेल्या महिन्यात एक मुलगा आमच्याकडे आला. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला, परभणी जिल्ह्यातला, पुण्यात येऊन आठ महिने झालेले. वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. आईने गळ्यातले गहाण ठेवून पंचावन्न हजार रुपये उभे केले आणि पोराने ते एका क्लासला भरले. अभ्यासक्रमाचे नाव मोठे भारदस्त, ‘फुल स्टॅक जावा’. कोर्स संपला, सर्टिफिकेट मिळाले, सात मुलाखती झाल्या, नोकरी मात्र नाही. काय चुकते ते तुम्ही सांगा, असे म्हणून तो समोर बसला.

आम्ही विचारले, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग म्हणजे काय? पोराने एका दमात चार शब्द म्हटले. अॅब्स्ट्रॅक्शन, एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. उदाहरण दे म्हटले तर तेही तयार. प्राणी हा क्लास, त्यापासून कुत्रा आणि मांजर हे दोन क्लास. आवाज काढ म्हटले की कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते, हे पॉलिमॉर्फिझम. एक अक्षर चुकले नाही. मग आम्ही विचारले, “तुमच्या गावात पतसंस्था आहे ना? दुकानादुकानातून रोज पैसे गोळा करणारा पिग्मी एजंट बघितलास ना? त्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहायचा तर त्यात कोणकोणते ऑब्जेक्ट येतील?” पोरगा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, तसं शिकवलं नाही.”

दोष पोराचा नाही, हे आधी स्पष्ट करतो. ज्याला उद्या बँकेचे, विम्याचे, कारखान्याच्या गोदामाचे काम करायचे आहे, त्याच्याकडून आठ महिने कुत्रा भुंकवून घेणारे दोषी आहेत. कुत्र्या-मांजराचे उदाहरण सोपे म्हणून देतात. पण कुत्र्याला हिशेब लागत नाही. त्याची शिल्लक कोणी चोरत नाही आणि दोन शाखांमधून एकाच वेळी त्याला कोणी भुंकायला सांगत नाही. ज्या अडचणींसाठी ही पद्धत उपयोगी पडते, त्यातली एकही अडचण या उदाहरणात नाही. मग पोराला व्याख्या येते, कामाचा पत्ता लागत नाही. (क्लासमध्ये क्लास शिकवतात आणि क्लास म्हणजे काय ते कळत नाही, असा विनोद पुण्यातली मुलेच करतात.)

ही कल्पना जन्मली कुठे, ते तरी सांगतात का? १९६० च्या दशकात नॉर्वेची राजधानी ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची भाषा तयार केली. खऱ्या जगातली रांग, वाहतूक, कारखाना यांची नक्कल कॉम्प्युटरवर करून बघणे हा तिचा उद्देश. त्या वेळी त्यांच्यापुढे असलेले एक उदाहरण आपल्याकडच्या कोणालाही कळेल असे होते. पुलावरचा टोलनाका आणि त्याच्यापुढची ट्रक-बसची रांग! ट्रक वेगळा, बस वेगळी, पण रांगेत उभे राहणे हा गुण दोघांत सारखा. मग रांगेचा भाग दोनदा कशाला लिहायचा? तो एकदाच ‘वाहन’ म्हणून लिहा, त्याच्यावर ट्रक उभा करा आणि बसही उभी करा. सिम्युला ६७ मध्ये आलेल्या या विचाराला आज आपण इनहेरिटन्स म्हणतो. पाठ करायची व्याख्या म्हणून तो जन्मला नव्हता. नाक्यावरच्या रांगेने त्याची गरज निर्माण केली होती.

यातला निगार्ड आम्हाला आणखी एका कारणासाठी जवळचा वाटतो. सिम्युलानंतर तो मोठमोठ्या कंपन्यांचा सल्लागार होऊन बसला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. कारखान्यात कॉम्प्युटर येणार होते. कोणाला कुठे कामाला लावायचे, कोणाचे काम किती वेगाने चालते, हे आता यंत्र टिपणार होते. मालकाला यंत्र समजावणारे तज्ज्ञ होते, कामगाराला समजावणारे कोणी नव्हते. निगार्डने कामगारांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले, त्यांच्याबरोबर बसून कारखान्यातल्या यंत्रणेचा अभ्यास केला. कारखान्यात आणायच्या कॉम्प्युटर यंत्रणेची माहिती कामगारांना मिळाली पाहिजे आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असे करार पुढे त्याच दशकात नॉर्वेत झाले. डाल आणि निगार्ड यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रात त्याहून मोठा मान नाही. २००२ मध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले. जावाच्या कोणत्या क्लासमध्ये ही गोष्ट सांगतात, आम्हाला कोणी दाखवून द्यावे.

आता पतसंस्थेकडे येऊ. आम्ही त्या पोराला कागद-पेन्सिल दिली, कॉम्प्युटर बंद ठेवला. प्रथम नामे लिही. सभासद, खाते, पावती, एजंट, शाखा. मग क्रियापदे लिही. जमा करणे, काढणे, व्याज मोजणे, पावती देणे. आता कोणती क्रिया कोणाच्या अंगाची ते ठरव. शिल्लक कोणाची? खात्याची. मग शिल्लक बदलण्याचा अधिकार कोणाला? फक्त खात्याला. एजंट म्हणू शकतो, दोनशे रुपये जमा कर. कॅशियर म्हणू शकतो, चार हजार काढ. पण शिल्लक एवढी कर, असे खात्याला कोणीही म्हणू शकत नाही, चेअरमनसुद्धा नाही! काढ म्हटल्यावर खाते स्वतः बघेल, तेवढे पैसे आहेत का, खाते गोठवलेले आहे का, आणि नसेल जमत तर नाही म्हणेल. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. पोराने हा शब्द आठ महिन्यांत शंभरदा म्हटला असेल. चेअरमनला नाही म्हणणारे खाते समोर आल्यावर तो पहिल्यांदा हसला.

पॉलिमॉर्फिझमही तसेच. महिनाअखेरीला पतसंस्था सगळ्या खात्यांना एकच हुकूम देते, व्याज मोजा. बचत खाते आपल्या रीतीने मोजते, मुदत ठेव आपल्या रीतीने, पिग्मी आपल्या. हुकूम देणाऱ्याला कोण कसे मोजते हे ठाऊक असण्याची गरज नाही. उद्या संचालक मंडळाने नवी ठेव योजना काढली तर एक नवा क्लास लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही. पण इथेच पोराने एक चूक केली, जी भलेभले करतात. कर्ज खाते हेही खातेच, म्हणून त्यालाही त्याच ‘खाते’ क्लासचे पोर केले. मग कर्ज खात्यातून पैसे काढता येऊ लागले! नावात खाते आहे म्हणून कर्ज हे बचतीचे भावंड होत नाही. कर्जाला हप्ते असतात, जामीनदार असतात, थकबाकी असते. नात्याची जुळवाजुळव नावावरून करायची नसते, वागणुकीवरून करायची असते. चांगले जुने प्रोग्रामर म्हणूनच इनहेरिटन्स जपून वापरतात.

आणखी एक बारीकशी वाटणारी गोष्ट. पोराने शिल्लक ठेवायला ‘डबल’ हा प्रकार घेतला होता. जावात डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा, उत्तर नेमके ०.३ येत नाही, शेपटीला बारीक चूक चिकटून येते. कारण यंत्र दोनच्या पटीत विचार करते आणि एक दशांश त्याला पुरता लिहिता येत नाही. दहा हजार खात्यांवर रोज व्याज मोजले की ही शेपटी वाढत जाते. पैशाला बिगडेसिमल वापरावे किंवा सरळ पूर्ण पैशांत हिशेब ठेवावा. हे सांगायला पंचावन्न हजार लागत नाहीत.

इथवर एका यंत्रावरची गोष्ट झाली. धंद्याचे आजचे सॉफ्टवेअर एका यंत्रावर राहत नाही, खरा कस तिथे लागतो. नवरा-बायकोचे जोडखाते आहे, शिल्लक ५,००० रुपये. नवरा मुख्य शाखेत ४,००० काढायला उभा आहे, बायको त्याच क्षणी बाजारातल्या शाखेत ४,००० काढते आहे. दोन्ही शाखांच्या प्रोग्रामने शिल्लक वाचली, ५,०००. दोघांनी तपासले, पुरेसे आहेत. दोघांनी ४,००० दिले आणि दोघांनी नवी शिल्लक लिहिली, १,०००. गेले आठ हजार, आणि वही म्हणते अजून एक हजार शिल्लक आहे! पतसंस्थेचे चार हजार हवेत विरले. खाते तर चोख लिहिले होते, नाही म्हणायला शिकवलेले होते. मग घोटाळा का झाला? कारण दोन ठिकाणी त्या खात्याच्या दोन प्रती होत्या आणि खरे खाते तिसरीकडेच होते, डेटाबेसमधल्या एका ओळीत. उपाय दोन. एक, काम पुरे होईपर्यंत ती ओळ कुलूपबंद ठेवायची, दुसऱ्याला थांबवायचे. दुसरा उपाय, ओळीला एक आवृत्ती क्रमांक द्यायचा. मी वाचले तेव्हा क्रमांक ७ होता, लिहिताना अजून ७ असेल तरच लिही आणि ८ कर, नाहीतर परत वाच. दुसऱ्या शाखेला कळते की आपल्या हातातला कागद शिळा आहे. जावाच्या आजच्या साधनांत यासाठी एक शब्द लिहिला की भागते. पण तो शब्द कुठे आणि का लिहायचा, हे ज्याने जोडखात्याची रांग डोळ्यांपुढे आणली आहे त्यालाच सुचते.

आता पिग्मी एजंटाची गोष्ट. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. एजंटाच्या हातात छोटे मशीन आहे. त्याने चहावाल्याचे दोनशे रुपये घेतले आणि बटण दाबले. संदेश सर्व्हरपर्यंत पोचला, दोनशे जमा झाले, पण ‘झाले’ हे उत्तर परत येताना रेंज गेली. मशीनवर चक्र फिरते आहे. एजंटाने पुन्हा बटण दाबले. आता चहावाल्याच्या नावावर चारशे आहेत आणि एजंटाच्या खिशात दोनशे. संध्याकाळी शाखेत हिशेब लागला की एजंट दोनशेला कमी भरला. चोर कोण? एजंट! तो गरीब माणूस, कमिशनवर जगणारा. यंत्र खोटे बोलत नाही म्हणतात, मग तोच खोटा ठरतो.

हे आम्ही कल्पनेने रंगवत नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा आपल्या शाखांमध्ये बसवली. शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर कंत्राटावर असत, तूट आली की त्यांनी भरून द्यायची. यंत्रणा तूट दाखवू लागली. लोकांनी घरे गहाण टाकून पैसे भरले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे सिद्ध झाले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबे बरीच होती. भारतीय वंशाची एक गर्भवती बाई २०१० मध्ये तुरुंगात गेली, तिची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडले. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते हे लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले, आणि अखेर २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून या शिक्षा पुसाव्या लागल्या. त्या दोषांपैकी एक स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन या गावात २०१५ मध्ये उघडा पडला. ८,००० पौंडांची रोकड आल्याची नोंद करताना स्क्रीन अडकला, चालवणाऱ्याने एंटर पुन्हा पुन्हा दाबला, आणि तीच रक्कम चार वेळा नोंदली गेली. तूट २४,००० पौंड! आमच्या चहावाल्याचे दोनशे आणि हे आठ हजार पौंड, दुखणे एकच.

उपाय मात्र साधा आहे. बटण दाबण्यापूर्वीच मशीनने पावतीला स्वतःचा, परत कधी न येणारा क्रमांक द्यायचा. सर्व्हरने आधी बघायचे, हा क्रमांक आपल्याकडे आला आहे का? आला असेल तर पैसे परत जमा करायचे नाहीत, फक्त ‘झाले’ म्हणून उत्तर द्यायचे. एजंटाने दहा वेळा बटण दाबले तरी जमा एकदाच. पावती हा स्वतंत्र ऑब्जेक्ट का पाहिजे, नुसता आकडा पाठवून का भागत नाही, याचे उत्तर इथे मिळते.

आमच्या आजोबांच्या काळात सावकाराची वही असे. त्यात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, ते अंगठा उठवत आणि दोन पिढ्या फेडत. आज वही सर्व्हरवर आहे. रेशनचे मशीन अंगठा ओळखत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्याशा पायरीवर अडकतो, मजुरी दुसऱ्याच खात्यात जाते. खिडकीवरचा माणूस म्हणतो, सिस्टीम घेत नाही. सिस्टीम कोणी लिहिली? तिला काय घ्यायचे आणि काय नाही हे कोणी ठरवले? ही वही लिहिणाऱ्यांत आपली मुले असली पाहिजेत, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे केवळ हिंजवडीचा पगार नसतो. पगार पाहिजेच, गहाण सोडवायचे आहे. पण ज्याने रेशनच्या रांगेत उभे राहून बघितले आहे, त्याला अंगठा उमटला नाही तर पुढे काय, हा प्रश्न प्रोग्राम लिहिताना आपोआप पडतो. रांगेत कधी न उभ्या राहिलेल्याला तो कोणीतरी सुचवावा लागतो.

मग शिकायचे काय? आम्ही २००३ मध्ये शिकलो तेव्हा जे-टू-ई-ई आणि ई-जे-बी यांचा बोलबाला होता. एक साधी बीन लिहायची तर होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास आणि वर एक्सएमएलची लांबलचक फाइल. आम्ही सगळे पाठ केले. दूरच्या यंत्रावरचा ऑब्जेक्ट शेजारी बसल्यासारखा वापरता येईल, असे स्वप्न त्यात होते. हे स्वप्न फसवे आहे असा इशारा सन मायक्रोसिस्टिम्सच्याच प्रयोगशाळेतील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये, म्हणजे जावा बाहेर येण्याच्या एक वर्ष आधी, लिहून ठेवला होता. त्याच सुमारास त्याच कंपनीतल्या पीटर डॉइच यांनी प्रोग्रामरांच्या भाबड्या समजुतींची यादी केली. त्यातली पहिलीच, नेटवर्क भरवशाचे असते! ज्याने आमच्याकडच्या तालुक्याला वीज जाताना बघितली आहे, त्याला ही समजूत कधी होणारच नाही.

पुढे काय झाले? रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये पुस्तक लिहून त्या अवजड पसाऱ्यावर टीका केली, त्यातून २००४ मध्ये स्प्रिंग आले. २००६ मध्ये ई-जे-बीनेही आपले अंग हलके केले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ई-ई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले आणि तिचे नाव जकार्ता झाले. आम्ही पाठ केलेली एक्सएमएल फाइल आज कोणी विचारत नाही. खाते कोणाला नाही म्हणते, दोन शाखांची गाठ कशी सोडवायची आणि पावती दोनदा आली तर काय, हे मात्र २००३ मध्ये जे होते तेच आज आहे. क्लासवाले नावे विकतात, कारण नावे दरवर्षी नवी निघतात.

इंग्रजीची भीती हा दुसरा खोडा. तो पोरगा म्हणाला, संकल्पना कळते पण इंग्रजीत सुचत नाही. अरे, मग मराठीत लिही! जावाच्या भाषेत क्लासचे, व्हेरिएबलचे, मेथडचे नाव देवनागरीत देता येते. ‘क्लास’ हा शब्द इंग्रजीत राहील, पण पुढे सरळ ‘खाते’ लिहा, ‘शिल्लक’ लिहा, ‘जमाकर’ लिहा. प्रोग्राम चालतो. पूर्वी फाइलच्या एन्कोडिंगची खटपट करावी लागे, जावाच्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरलेले असल्याने तीही गेली. कंपनीत असे चालणार नाही, तिथे इंग्रजीच लागेल, हे आम्हाला माहीत आहे. पण डोक्यात आकृती बसेपर्यंत मराठी नावे ठेवायला कोणाची हरकत आहे? नावे नंतर एका दुपारी बदलता येतात.

काही जण म्हणतील, आता एआय आले, तेच कोड लिहून देते, हे शिकून काय उपयोग? आम्ही रोज ती साधने वापरतो. खाते क्लास ती क्षणात लिहून देतात, छानच लिहितात. पण रेंज गेली आणि एजंटाने दोनदा बटण दाबले तर काय, हे विचारल्याशिवाय मिळालेल्या उत्तरात त्याचा बंदोबस्त असेलच याची हमी नाही. प्रश्न विचारता येणाऱ्याला त्या साधनाचा उपयोग आहे. न विचारता येणाऱ्याच्या हाती तो छान छापलेला कागद आहे, एवढेच. टंकलेखनाची नोकरी कमी होईल, हे आम्ही नाकारत नाही. म्हणूनच चार शब्द पाठ करणाऱ्याला आता पूर्वीपेक्षाही कमी थारा मिळेल.

पैशाचे म्हणाल तर जावा फुकट आहे, ओपन-जेडीके उतरवून घ्या. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे. एनपीटीईएलवर जावाची व्याख्याने फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. पैसे भरून शिकायचेच असेल तर सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला प्रवेश परीक्षा आहे आणि मेहनत रग्गड आहे. गहाण ठेवण्यापूर्वी कोणत्याही क्लासवाल्याला एकच गोष्ट विचारा, तुमच्या मुलाने बांधलेला एखादा चालता प्रोग्राम दाखवा, आणि त्यात एकच पावती दोनदा पाठवून बघू द्या.

तो पोरगा आता दर रविवारी येतो. वस्तीतल्या समाजमंदिरात दुपारी दोन लॅपटॉपवर सहा जण बसतात, त्यात दोन मुली आहेत. एकीचे वडील खरेच पिग्मी एजंट आहेत, मागच्या रविवारी ते स्वतः येऊन बसले आणि त्यांनी आमची एक चूक काढली. दुकानदार कधी कधी कालचे आणि आजचे दोन्ही पैसे एकदम देतो, अगदी सारखी रक्कम, दोन पावत्या. रक्कम आणि तारीख बघून पावती नाकाराल तर खरा पैसा नाकाराल, असे ते म्हणाले. पोरांनी लिहिलेला प्रोग्राम नेमके तेच करत होता. येत्या रविवारी तो दुरुस्त करायचा आहे.